दर अकरा मिनिटांनी येणारी बाई

हे लिहिणारच नव्हतो. कारण यात गाढव कोण ते शेवटी कळतं, आणि ते गाढव मी आहे.

लंबू माझा जुना मित्र. त्याचे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. घरातच, खिडकीपाशी टेबल टाकून. शेजारी कॉम्प्युटर, जुन्या घड्याळांच्या आकृत्या बघायला. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या कुठल्या क्लासला मी गेलेलो नाही, मोडून-जोडून शिकलो. तरी त्या घरात मला 'डॉक्टर' म्हणतात. म्हणायचे.

परवा दुपारी लंबूचा फोन. "डॉक्टर, लगेच ये. आई बाबांशी बोलत नाहीये."

गेलो. काकूंनी माऊस जप्त करून चमच्यांच्या खणात टाकला होता.

"विचार तुझ्या काकांना," काकू म्हणाल्या. "स्क्रीनवर बाई येते. जवळच राहते, एकटी आहे, वाट बघतेय म्हणे. या वयात ही थेरं!"

"अगं, मी काही केलं नाही." काकांनी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही. "ती आपणहून येते."

"हो का? माझ्याकडे बरं नाही कोणी आपणहून येत!"

मी मध्ये पडलो. "काकू, याला ॲडवेअर म्हणतात. फुकटचा प्रोग्रॅम घेतला की त्याचं शेपूट धरून आत शिरतं, आणि मग जाहिराती दाखवत बसतं."

"कुणी दार उघडल्याशिवाय शिरतं का?"

मी खुर्ची ओढून कॉम्प्युटरपाशी बसलो.

काकांनी गुपचूप एक चिठ्ठी पुढे सरकवली. घड्याळ आलं की ते त्याला चिठ्ठी लावतात, कधीपासून बिघडलं, तक्रार काय. कॉम्प्युटरलाही लावली होती. 'बाई येते. दर अकरा मिनिटांनी. ब्राउझर उघडा असेल तरच. बारा तारखेपासून.'

माऊसची सुटका झाली. मी प्रोग्रॅमची यादी उघडली, तारखेप्रमाणे लावली. बारा तारखेला चार नावं. हवामान सांगणारा, कूपनं शोधणारा, एक नुसताच 'मदतनीस'. आणि चौथा, व्हिडिओ कापायचा, फुकट.

तो मीच टाकला होता, लंबूच्या हट्टापायी. पानामागून पान येत होतं, बारीक अक्षरं, आधीच टिक केलेले चौकोन, खाली 'पुढे'. मी म्हटलं होतं, वाचू या का? लंबू मागून म्हणाला, "दाब रे, कोण वाचतं?" दाबलं. चार वेळा.

लंबूने टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. कचकन.

सरळ सांगतो, थाप तयार होती. 'इंटरनेटवरून येतं, काकू, काही सांगता येत नाही.' सहज खपली असती.

"बारा तारखेला मी बहिणीकडे गेले होते," काकू हळूच म्हणाल्या. "हे एकटेच होते घरी."

काकांच्या हातातला चिमटा थांबला.

"एकटे नव्हते," मी म्हटलं. "मी आलो होतो. दार मीच उघडलं."

मी मान खाली घालून कामाला लागलो. चारही प्रोग्रॅम उडवले. ब्राउझरला चिकटलेली दोन एक्स्टेन्शन्स काढली, नोटिफिकेशनच्या परवानग्या बंद केल्या, स्कॅन मारला, मशीन बंद करून चालू केलं. मग ब्राउझर उघडा ठेवून सगळे बसलो. काकांनी घड्याळ हातात धरलं.

नऊ मिनिटं. दहा. अकरा. कोणी खोकेना.

बारा.

"नाही आली," काका म्हणाले.

"का हो, चुकल्याचुकल्यासारखं होतंय?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनाच हसू फुटलं. माऊस टेबलावरच राहिला. मला चहा मिळाला, वर नवं नावही. "घे रे, कंपाउंडर."

जिन्यात लंबूने गाठलं. "माझं नाव नाही घेतलंस. थँक्स यार."

"थँक्स कसले? ऐक. यापुढे प्रत्येक पान मोठ्याने वाचीन, एकेक टिक काढीन, मगच 'पुढे' दाबीन. आणि मागून 'दाब रे' ऐकू आलं ना, तर तिथूनच काकूंना हाक मारून उरलेली गोष्ट सांगीन. शब्द देतो."