फुफीच्या मोरीतून जाणारं पॅरिस

आमच्या गावात काय व्हायचं ते इथे बहारीनमध्ये ठरतं. गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे, पण मशिदीला रंग कुठला द्यायचा, विहिरीवर पंप कुठला बसवायचा, हे इथल्या हूरा भागातल्या लतीफचाचांच्या हॉलमध्ये जुम्म्याच्या नमाजनंतर, बिर्याणी जिरेपर्यंत ठरतं. या मंडळींना जमातीची बहारीन शाखा म्हणतात. गावातली मूळ जमात ही खरं तर शाखेची शाखा. इकडून निरोप गेला की तिकडे कुणी प्रश्न विचारत नाही. एकदा लतीफचाचांनी ग्रुपवर नुसतं ‘हिरवा’ एवढंच टाकलं, तर कब्रस्तानाचं गेट हिरवं झालं. ते वाटाण्याबद्दल होतं, बायकोला, म्हणजे मसूदाचाचीला, पाठवायचं होतं.

त्या जुम्म्याला विषय होता मोहल्ल्यातली पाखाडी. मशिदीपासून एसटी थांब्यापर्यंतची ही गल्ली इतकी अरुंद आणि वाकडी, की ॲम्ब्युलन्स आत येत नाही. पेशंटला खुर्चीत बसवून बाहेर काढावं लागतं. वाटेत दोघे-तिघे तब्येत विचारतात, त्यात आणखी उशीर.

प्लॅन काढायचं काम फराजकडे होतं. फराज इथल्याच जुफैर भागातल्या एका इंटिरियर कंपनीत ड्राफ्ट्समन. तरुण पोरगा, पण चेहरा कायम मयतीला आल्यासारखा, आणि त्याच चेहऱ्याने तो वाट्टेल ते बोलतो. यावेळी त्याने आपला दोस्त अर्शद याला हसवण्यासाठी मुद्दाम तयारी केली होती. लॅपटॉप टीव्हीला जोडून तो उभा राहिला.

“हे पॅरिस. एकोणिसाव्या शतकातलं. गल्ल्या आपल्यासारख्याच, वर कॉलरा. मग तिथल्या बादशहाने हाऊसमन नावाचा अधिकारी नेमला. त्याने नकाशावर सरळ रेघा मारल्या. रेघेत आलं ते खलास. मग रुंद रस्ते, एका उंचीच्या इमारती, बाल्कन्या एका ओळीत, खाली गटारं, वर दिवे.”

“हा हाऊसमन आपल्या माहितीतला आहे का?” लतीफचाचांनी विचारलं.

“वारला, चाचा.”

“इन्ना लिल्लाहि...” सगळ्यांनी मनापासून म्हटलं. अर्शद खोकल्याचं निमित्त करून किचनमध्ये पळाला.

“माणूस कसा होता?”

“स्वतः जन्मला ते घरसुद्धा रस्त्यासाठी पाडलं.”

“याला म्हणतात जमातीचा माणूस,” चाचा म्हणाले. “नाहीतर आपल्याकडे. कुंपण हलवायचं म्हटलं तर कोर्टात जातात.”

मग फराजने गावाचा उपग्रहातला फोटो लावला. त्यावर मशिदीपासून एसटी थांब्यापर्यंत लाल रेघ, सुरीने केक कापावा तशी. दोन्ही बाजूंना बाल्कन्या. गावात एकही बाल्कनी नाही. मच्छी बाजारापुढे कारंजं. आता हसतील, मग खरा प्लॅन दाखवू, म्हणून तो थांबला.

कुणी हसलं नाही. चाचांनी टीव्हीचा फोटो काढला, गावच्या ग्रुपवर टाकला, सोबत पॅरिसची सगळी हकीगत बोलून पाठवली, खाली लिहिलं, ‘मंजूर. यल्ला.’ म्हणजे चला, लागा कामाला.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण अर्शद किचनच्या दारात तोंडात रुमाल कोंबून बसला होता, आणि मस्करी एवढी छान चालली असताना ती मोडणं फराजच्या जिवावर आलं. गावात तरी कुणीतरी हसेलच, त्याला वाटलं.

पुढच्या जुम्म्याला गावाहून व्हिडिओ कॉल आला. टीव्हीवर आधी धूळ दिसली, मग जेसीबी, मग आबिदाफुफी.

आबिदाफुफी म्हणजे फराजच्या बापाची बहीण. आईबाप इकडे नोकरीला असताना दहावीपर्यंत फराज तिच्याचकडे वाढला.

“फराज, दिसतंय का रे?” तिने फोन फिरवला. “पडवी गेली. मोरी गेली. आता चहा झाला की चूल. मग शेजारच्या नुसरतची भिंत.”

फराज टीव्हीजवळ सरकला. “फुफी, तुझं घर कसं आलं रेघेत? तिथे तर झाड होतं!”

“फणस रे. त्याच्याखाली मीच राहते की.”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. ज्या पडवीत बसून फराजने एबीसीडी गिरवली, ती त्याला वरून ओळखता आली नव्हती. हिरवा ठिपका दिसला, आणि त्याने ठिपक्यावरून रेघ नेली, कारण तशी ती सरळ दिसत होती.

“नुसरत तयार नव्हती,” फुफी सांगत होती. “म्हटलं, माझ्या पोराने रेघ मारलीय, बहारीनला शिकलेला आहे, उगाच मारेल का? आधी माझं पाडा. मग झाली राजी.”

“माशाल्ला,” लतीफचाचा म्हणाले. “बाई नाही, हाऊसमन आहे.”

मागे जेसीबीवाल्याने कप खाली ठेवला.

“फुफी, त्याला थांबव,” फराज म्हणाला. “ती मस्करी होती.”

“कसली मस्करी?” चाचांनी विचारलं.

“पॅरिस. सगळंच. लोक हसावेत म्हणून केलं होतं.”

हे तो त्याच मयतीच्या चेहऱ्याने बोलला, कारण त्याच्याकडे दुसरा नव्हता. आणि आता हॉल हसला. चाचा तर मांडीवर थाप मारून हसले. “काय पोरगा आहे! तिकडे घर पडतंय आणि हा म्हणतो मस्करी!” मसूदाचाची पदराने डोळे पुसत होती. ज्या हशासाठी त्याने एवढी खटपट केली होती तो सगळा एकदम मिळाला. फराजला वाटलं, टीव्हीच्या मागे जाऊन उभं राहावं.

“हसू नका ना,” तो म्हणाला. लोक आणखी हसले.

फुफी हसत नव्हती. तिने फोन तोंडाजवळ घेतला, इतका की टीव्हीभर तिचा एक डोळा.

“खरं बोलतोयस.”

“हो, फुफी.”

हॉलमधलं हसू हळूहळू विझलं. मग टीव्हीवर नुसती लाल माती दिसायला लागली, आणि लांबून तिचा आवाज आला. “ए बाबा, थांब. यंत्र चालू नको करू. पोराचं माप चुकलंय. होतं असं, इतक्या लांबून. नुसरत, तुझी भिंत राहू दे.”

“माप नाही,” फराज पुटपुटला. “फुफी, खरं सांग ना त्यांना.”

माती हलली. डोळा परत आला.

“आणि काय सांगू? मस्करीसाठी पाडलं म्हणून? मी पुढे होऊन पाडायला लावलंय रे.”

अर्शद कार्पेटकडे बघत होता.

“बरं, एक सांग,” फुफी म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. “पॅरिसच्या त्या बायका. ज्यांचं पाडलं. त्या रात्री आंघोळीला कुठे गेल्या?”

फराजने त्या पॅरिसबद्दल पुष्कळ वाचलं होतं. दिव्यांचं, गटारांचं, बाल्कन्यांचं.

“माहीत नाही, फुफी.”

“बघ जरा,” ती म्हणाली. “मी धरते फोन.”