गळका म्हणाला मला!

मी एक जुना रांजण आहे. कोरियातल्या कांगजिन गावच्या भट्टीत भाजून निघालो तेव्हा कुंभाराने बोटाच्या पेराने टकटक केली आणि मी असा टणकन वाजलो, की तो म्हणाला, "हा पठ्ठ्या तीन पिढ्या पुरेल." आज मला त्या गोष्टीचा गर्व आहे, आणि तो मी लपवणार नाही.

मित्रांनो, एकतीस वर्षं मालसुन आजींच्या अंगणातल्या ओट्यावर मी त्यांच्या सासूबाईंचा सोया सॉस सांभाळला. घराण्याचं विरजणच ते! दरवर्षीचा नवा सॉस त्यातच मिसळायचा. आजी रोज ओल्या फडक्याने मला पुसायच्या. ऊन पडलं की झाकण काढायचं, आभाळ आलं की लावायचं, एवढंच माझं मागणं.

आजी काही दिवस बहिणीकडे गेल्या आणि झाकणाचं काम त्यांच्या मुलाकडे, तेग्यूकडे आलं. बत्तीस वर्षांचा हा घोडा दिवसभर ओट्यावर बसून ढगांत जहाजं बघायचा. स्वतः कप्तान! कोबीच्या गड्ड्यांना हुकूम सोडायचा, "शिडं उभारा!" खरं सांगू? मला तो आवडायचा. पण त्या दिवशी त्याला ढगांत अख्खं आरमार दिसलं, फक्त पाऊस दिसला नाही. तो भिजत घरात पळाला. मी उघडाच. पाऊस थांबल्यावर त्याने गुपचूप झाकण लावलं, पण पाणी आत गेलं होतं.

चार दिवसांत सॉसवर पांढरी बुरशी आली. आजी परतल्या, झाकण उचललं आणि मटकन खाली बसल्या.

तेग्यू म्हणाला, "आई, रांजणच गळका निघाला गं. तडा गेलाय. पाणी आत झिरपलं."

मी! गळका! मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असते ना, तर त्याच्या अंगठ्यावर उभा राहिलो असतो.

आजींनी डोळे पुसले. "सॉस ओतून टाक. ह्याला पन्हाळीखाली नेऊन पालथा घाल. मला बघवत नाही."

त्याने मला नेलं खरं, पण वाटेत त्याचं जहाज पुन्हा सुटलं असावं. पालथा घालायला तो विसरला! मी उताणाच राहिलो आणि पावसाची वाट बघू लागलो. तीन दिवस कोसळला. मी काठोकाठ भरलो. मग दोन दिवस कडक ऊन. मी थेंब सोडला नाही.

आजी कपडे वाळत घालायला आल्या आणि थबकल्या. मला हात लावला, खालची कोरडी माती चाचपली.

"तेग्यू! इकडे ये. हे पाणी कुणी धरून ठेवलंय? तुझ्या खलाशांनी?"

"तडा... जरा वर असेल, आई."

"काठापर्यंत भरलाय, गाढवा! आणखी वर कुठे? हवेत?"

तेग्यूने मान खाली घातली. "झाकण विसरलो होतो. तू रडशील म्हणून..."

"रडले ना मी! वर ह्या बिचाऱ्यालाही ओट्यावरून काढलं."

मग आजींनी मला त्याच्याकडूनच परत ओट्यावर ठेवून घेतलं आणि त्याच्या हातात वाडगा दिला. दारोदार जाऊन विरजणाचा सॉस मागायचा आणि प्रत्येक दारात मोठ्याने सांगायचं, "झाकण मी विसरलो, आळ रांजणावर घातला." अकरा घरं! शेवटच्या घरापर्यंत त्याचे कान मिरचीसारखे लाल झाले होते. मी ओट्यावरून सगळं ऐकलं. मला दया आली का? नाही आली.

सासूबाईंची ती चव काही परत आली नाही, म्हणून मी त्याला अजून माफ केलेलं नाही. मित्रांनो, ढगांत खुशाल जहाजं बघा. पण स्वतःची चूक मुक्या वस्तूच्या गळ्यात बांधू नका. आम्हाला बोलता येत नाही, पण थांबता येतं.