ट्विला केचमचा परवाना

तिचा गाडी चालवायचा परवाना तुम्ही चोरलात, साहेब. शिक्का मारून, सही ठोकून. आणि चोरीची खबर पोचवायलाही ट्विला केचमलाच लावलंत.

एकवीस वर्षं ती काउंटीच्या कच्च्या रस्त्यांवर स्वतःच्या गाडीतून टपाल वाटते. घरोघरच्या टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला, स्टीअरिंग डावीकडे. म्हणून इथले टपालवाले बसतात तशीच तीही उजव्या सीटवर बसते. डावा पाय लांबवून ब्रेकवर, डावा हात स्टीअरिंगवर. अशा बसण्यात सीटचा पट्टा लागतच नाही. रिकाम्या सीटचा पट्टा ती नुसता खोचून ठेवते, गाडीनं सारखं कोकलू नये म्हणून.

मार्चात नवा पोलीस आला. मक्याच्या कोठारापाशी दबा धरून त्यानं तीन महिन्यांत तिच्या तीन पावत्या फाडल्या. टपाल वाटताना पट्ट्याची माफी आहे, हे तिला ठाऊक होतं. पण ते कोर्टात सांगायला गेलं तर त्या दिवशीचं टपाल कोण वाटणार? तिन्ही वेळा तिनं दंड पाठवून दिला. कटकट मिटली.

शुक्रवारी गठ्ठ्यात तिच्याच नावाचं पाकीट निघालं. नेमाप्रमाणे तिनं ते स्वतःच्या पेटीत टाकलं, मग काढून फोडलं. सोमवारपासून परवाना बंद. परवाना नाही तर नोकरीही नाही.

उरलेल्या पेट्या भरून ती परवाना कचेरीत गेली. खिडकीत ऑर्विल होता, तिच्याच रस्त्यावर राहणारा.

"दंड भरलास ना? मग गुन्हा कबूल केलास, ट्विला. रेकॉर्डवर चढला. वर्षात तीन चढले की परवाना जातो."

"मला माफी आहे रे. तुमच्याच कायद्यात."

"ती न्यायाधीशापुढे मागायची असते. पावतीच्या मागे छापलंय."

"केवढ्या अक्षरात?"

"चष्मा लावला की दिसतं."

"तुझा चष्मा मीच आणून टाकला होता तुझ्या पेटीत."

ऑर्विलनं नाकावरचा चष्मा उगाच सरळ केला. "अपील कर. दोन महिने लागतील. तोवर बदली माणूस घे."

"बदली माणूस असता तर मी कोर्टातच नसते का गेले?"

त्यानं अर्ज सरकवला. 'हरकतीचं कारण' या चौकटीत ती दाबून लिहू लागली. कागद फाटायला आला.

'परवाना बंद केल्याचं तुमचं पत्र मीच माझ्या पेटीत टाकलं. ते मी कोणत्या सीटवर बसून टाकायला हवं होतं? लेखी उत्तर द्या.'