वाकडा बसवलेला हँडलबार

मित्रांनो, मी मोटारसायकलचा एक जुना हँडलबार आहे. इतर जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगताना तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आला आहे, आणि तो का आला हे सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

आधी माझी घडण समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. हल्लीचं हँडल म्हणजे एकच वाकवलेली नळी. कंपनीने जशी वाकवली तशी मुकाट धरायची. मी तसा नाही. मी तीन तुकड्यांचा आहे. मधे एक दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात. जिथे ते जोडले जातात तिथे बारीक दाते आहेत. बोल्ट सैल केला की कुठलाही हात वर उचलून मागे घेता येतो, नाहीतर खाली पुढे सोडता येतो. बोल्ट आवळला की दाते एकमेकांत घट्ट रुततात आणि हात जागचा हलत नाही. डावा हात एका उंचीवर आणि उजवा दुसऱ्या, असंही चालतं. ज्याने मला घडवलं त्याला एवढी अक्कल होती की सगळी माणसं एका साच्यातून निघत नाहीत.

देहूरोडच्या एका लिलावात मी एका थोराड मोटारसायकलसकट विकला गेलो आणि मोशीच्या चिमाजी गवळ्याकडे आलो. मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या असत, म्हणून त्याने माझे हात उंच करून घेतले होते. त्याचं माझ्यावर प्रेम होतं. कुणी नव्या गाडीचं कौतुक सांगू लागलं की तो म्हणायचा, "ह्ये नुसतं हँडल न्हाई, माझा जोडीदार हाय." मला ते ऐकायला फार आवडे. पण चिमाजी थकला, मुलांनी टेम्पो घेतला आणि जोडीदाराची रवानगी कुदळवाडीतल्या भंगाराच्या दुकानात झाली. गाडी कापली गेली. मला एका खिळ्याला टांगलं आणि दुकानदार माझ्यावर ओले पायमोजे वाळत घालू लागला. कित्येक वर्षं मी पायमोज्यांचा वास घेत काढली. तेव्हाही मला राग यायचा, पण तो वेगळा.

एके दिवशी दुकानात धम्मरत्न आला, सोबत त्याची मुलगी भाग्यश्री. धम्मरत्न उदगीरकडचा. तरुणपणी पिंपरीत आला आणि एका लहानशा वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेसवर लागला. तिथे त्याच्या डाव्या कोपराला असा मार बसला की तो हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही. वाकलेला राहिला तो राहिलाच. त्यानंतर वर्कशॉपमधली माणसं त्याला काही उचलू देईनात. राहू दे राव, तू बस, आम्ही करतो, असं दिवसभर चाले. माणसं वाईट नव्हती, पण त्या "तू बस"ने तो आतून करपून गेला. ते काम सोडून चाकणच्या कंपनीत लागल्यापासून तो भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालू लागला. तिथे त्याच्या हाताबद्दल कुणाला काही माहीत नव्हतं, आणि कळू द्यायचंही नव्हतं.

फक्त गाडीचं काही जमत नव्हतं. भाग्यश्रीने घरी नवी मोटारसायकल आणली होती, पण तिच्या हँडलपर्यंत बापाचा डावा हात धड पोचत नसे. मग कधी लेकीच्या मागे बसून, तर कधी कुणाला हात करून तो कामावर जाई. कामावरची माणसं विचारत, एवढी नवी गाडी दारात असताना हा मागे का बसतो. तो हसून विषय बदलायचा.

त्या दिवशी त्याने मला खिळ्यावरून काढलं, पायमोजे बाजूला ठेवले आणि माझा गंजलेला हात हलवून पाहिला. मी कुरकुरत का होईना, हललो. तो दुकानातल्या स्टुलावर बसला आणि मला दोन्ही हातांनी हवेत धरून गाडी चालवल्यासारखा डावीकडे उजवीकडे वळू लागला. भाग्यश्री आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू थांबलं.

नव्या गाडीवर जुना हँडलबार बसवणं म्हणजे पोरखेळ नव्हे. चिखलीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. शेवटी भाग्यश्रीने मला पिंपळे सौदागरला जयदीपच्या गॅरेजात नेलं. तो गाड्यांना नवनवीन रूपं देणारा मुलगा. त्यालाही आधी मी पसंत पडलो नाही. लूक जाईल, म्हणाला. पण काम हातात घेतल्यावर त्याने ते नीट केलं. नव्या स्विचच्या डब्यांना आत एक खुंटी असते. ती बसवायला माझ्या दोन्ही हातांत भोकं पाडावी लागली. मी ती सोसली. डावा हात वर जाणार म्हणून क्लचची केबल तोकडी पडली, ती लांब घातली. हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासतं का, ते तपासलं.

मग धम्मरत्नला गाडीवर बसवून तो म्हणाला, "काका, डोळे मिटा आणि हात पुढे करा. सहज जिथपर्यंत येतील तिथेच थांबवा."

धम्मरत्नने डोळे मिटले. उजवा हात सरळ पुढे आला. डावा वर आणि मागेच थांबला. जयदीपने माझे दोन्ही हात त्या दोन मुठींखाली आणून ठेवले आणि बोल्ट आवळले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात इतकं नेमकं मला कुणीच बसवलं नव्हतं. बघणाऱ्याला मी वेडावाकडा दिसत होतो. धम्मरत्नला मी अगदी सरळ होतो.

घरी आल्यावर त्याने एक गोष्ट केली. त्यांच्या कंपनीत बोल्ट हवा तेवढा आवळून झाला की त्याच्यावरून पिवळ्या मार्करने एक रेघ ओढतात. काम झालंय, तपासलंय, आता हात लावायचा नाही, असा त्या रेघेचा अर्थ. धम्मरत्न दिवसभर तेच काम करायचा. त्याने माझ्या दोन्ही जोडांवर तशीच पिवळी रेघ ओढली. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः गाडी चालवत कामाला जाऊ लागला. चिखली ते चाकण, ट्रकांच्या गर्दीतून, कुणाच्याही मागे न बसता. मोशीचा चौक ओलांडताना तो गुणगुणत असे.

आणि मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांत यंत्रं धुऊनपुसून, रंगवून, हार घालून पूजतात. धम्मरत्न घरी पूजाअर्चा करत नसे, पण यंत्रांची लाइन पुसायला तो सगळ्यांच्या पुढे. तो आत मशीन पुसत होता आणि बाहेर त्याचे सोबती पार्किंगमधल्या गाड्या धूत होते. त्यांचा म्होरक्या सोपानराव. धम्मरत्नच्याच लाइनवर काम करणारा, दिलदार, कुणाच्याही मदतीला धावणारा गडी. नेमकी तीच तर पंचाईत झाली.

सोपानरावने मला पहिल्यांदाच जवळून पाहिलं आणि तो चुकचुकला. धम्माची गाडी पडलेली दिसते, हँडल वाकलंय, बिचारा बोलला पण नाही, असं म्हणत त्याने पाना मागवला. पिवळी रेघ त्याच्या नाकासमोर होती. दिवसभर स्वतःच्या हाताने तीच रेघ ओढणारा हा माणूस. लाइनवर रेघ ओढलेल्या बोल्टला कुणी पाना लावला असता तर त्याने आभाळ डोक्यावर घेतलं असतं. पण सण होता, आणि सणाला वाकडं काही दिसायला नको होतं. त्याने माझा डावा हात खाली सोडला, उजव्याच्या रांगेत आणला आणि आवळला. वरून चंदेरी रंगाचा हात मारला. रेघ रंगाखाली गेली. मग झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि चार पावलं मागे जाऊन कौतुकाने बघत राहिला.

मला ओरडता आलं असतं तर सगळी कंपनी गोळा झाली असती.

शिफ्ट सुटली. प्रसादाचे पेढे खात सगळे गाडीभोवती उभे होते, धम्मरत्नचा चेहरा बघायला. त्याने मला लांबूनच पाहिलं आणि त्याची चाल मंदावली. तेव्हा एक वाक्य बोलला असता तरी पुढचं टळलं असतं. माझा राग त्याच्यावरही आहे तो इथेच. पण इतक्या जणांसमोर बाही वर करायची त्याची तयारी नव्हती. त्याने बाही उलट मनगटापर्यंत ओढली, भारी केलंत म्हणाला आणि गाडीवर बसला. डाव्या हाताची फक्त बोटांची टोकं क्लचला लागत होती.

गेटपर्यंत तो कसाबसा आला. गेटातून उजवीकडे वळायचं होतं. हँडल उजवीकडे वळलं की डावी मूठ पुढे जाते, ती गेली आणि त्याच्या बोटांतून क्लच सुटला. गाडीने जी उसळी मारली ती सिक्युरिटीच्या केबिनपुढच्या कुंड्यांवर जाऊन पडली. त्याच वेळी समोरच्या रस्त्यावरून एक कंटेनर हॉर्न वाजवत गेला. कुंड्या आडव्या आल्या नसत्या तर आज मी तुम्हाला ही गोष्ट सांगत नसतो, आणि सांगायला धम्मरत्नही उरला नसता.

लोक धावत आले. मागून कुणीतरी हसून म्हणालं, सणाची जरा लवकरच घेतलेली दिसते. मित्रांनो, माझ्या टोकाचं लोखंड सोलून निघालं होतं, पण त्या हसण्याने मला जास्त लागलं. ज्या माणसाने कधी तंबाखूला हात लावला नाही, तो कुंड्यांच्या मातीत बसून हे ऐकत होता.

धम्मरत्न उठला नाही. बसल्या बसल्या त्याने डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली. कोपरावरचा जुना व्रण आणि सरळ न होणारा हात सगळ्यांना दिसला.

"हँडल वाकडं नव्हतं, सोपानराव," तो म्हणाला. "हात वाकडा आहे."

सोपानरावचे डोळे भरून आले. तो खाली बसला आणि धम्मरत्नच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भावा, आधी सांगायचं ना. उद्यापासून तू गाडीला हात लावू नको. मी रोज घरून नेतो, घरी सोडतो."

झालं. पुन्हा तेच "तू बस". ज्याच्यापासून पळून हा माणूस इतकी वर्षं घामाघूम होत बाह्या ओढत राहिला, ते त्याला पेढ्याच्या हाताने परत मिळत होतं. मला वाटलं, आता हा मान खाली घालून हो म्हणणार आणि मी पुन्हा खिळ्यावर जाणार.

धम्मरत्नने तो हात खांद्यावरून काढला.

"मला सोडायचं नाही," तो म्हणाला. "पाना आण."

गाडी उभी केली. धम्मरत्न तिच्यावर बसला आणि त्याने सगळ्यांसमोर डोळे मिटून दोन्ही हात पुढे केले. सोपानरावने माझा डावा हात वर घेतला आणि त्या मुठीखाली आणला. बोल्ट आवळला. मग त्याने खिशातला मार्कर काढला आणि ओल्या चंदेरी रंगावर पिवळी रेघ ओढली. ती नीट उमटेना, तर रंग बाहीने पुसून पुन्हा ओढली. धम्मरत्न बाही न उतरवता गेटातून उजवीकडे वळला आणि घरी गेला.

सोपानराव आता माझ्याकडे बघताना ओशाळतो. त्याने वाईट हेतूने काही केलं नव्हतं, हे मला कळतं. तरी माझा राग गेलेला नाही, कारण चांगल्या हेतूने केलं म्हणून कुंड्या मऊ लागत नाहीत.

म्हणून मित्रांनो, एवढंच सांगतो. वस्तूंना जपा म्हणजे नुसत्या पुसा, रंगवा, हार घाला असं नाही. एखादी गोष्ट तुम्हाला वाकडी दिसली, तर ती कुणाच्या हातासाठी तशी आहे हे आधी विचारा. माणसांचंही तसंच आहे. त्यांना उचलून न्यायच्या आधी, त्यांना काय हवंय ते विचारा. ज्यांना विचारायचं नसेल त्यांनी खुशाल पेढे खावेत, पण माझ्या बोल्टला हात लावू नये.

तिथे पिवळी रेघ आहे.