न पेरलेले मूग

मोगऱ्याच्या कुंडीत मूग उगवले होते आणि ते कुणीच पेरले नव्हते! निवेदिता-वरदचं घर पंधरवडाभर कुलूपबंद, भर मे महिना, सेलूचं ऊन. तरी व्हरांड्यातल्या कुंड्या हिरव्यागार. अंगणात चप्पल ठेवायला जागा उरली नव्हती. कुणी कुंडीला कुंकू लावत होतं, कुणी मोबाईल पुढे करत होतं.

मधोमध खुर्चीवर हिरवेमहाराज बसले होते. नवऱ्यासोबत कोकणात फिरायला जाताना निवेदितानं प्रत्येक कुंडीत यांचंच भस्म टाकलं होतं.

"पाण्याचा थेंब न्हाई!" महाराजांनी हात उंचावला. "वरून मूग! अरे, जे भस्म झाडाला पाण्याविना जगवतं, ते माणसाला औषधाविना जगवणार. बरोबर हाय का न्हाई?"

"हाय!" अंगण गरजलं.

ही हाक कीर्तनातली. बुवा विचारतात आणि आपण भरल्या गळ्यानं उत्तर देतो. तो गोडवा या माणसानं भस्माच्या पुड्या खपवायला उचलला होता.

शेजारच्या अनसूयाबाई एकादशीचं कीर्तन कधी चुकवत नसत. सवयीनं त्यांचेही ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मूग कुठून आले, ते त्यांना माहीत होतं.

निघताना निवेदिता बजावून गेली होती, "काकू, पाणी अजिबात घालू नका हं. भस्माची शक्ती जाते."

"बरं बाई," म्हणून अनसूयाबाईंनी काही दिवस दम धरला. मग मोगऱ्यानं मान टाकली. मधली भिंत कमरेइतकीच. तांदळाचं, उसळीच्या मुगाचं धुवण त्या एरवी आपल्या कढीपत्त्याला घालत. त्यातलं अर्धं आता भिंतीवरून पलीकडे जाऊ लागलं. शब्द मोडला म्हणून कुणाला बोलल्या नाहीत. पोरगी परत आली, झाडं बघून नाचली, गल्ली गोळा झाली. आता खरं सांगितलं तर तिचं हसं होणार. शिवाय महाराज देवाचंच नाव घेतात ना, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

तेवढ्यात समोरच्या घरातल्या सरजाबाई भस्माची पुडी डोळ्यांना लावत जवळ आल्या. "सुटलो बगा आमी, अनसूयाबाई! सकाळपासून ह्यांची सुई बंद केली."

"पंडितरावांची? साखरेची सुई?"

"व्हय. रोज पोटात टोचायलेय, माझाच जीव कळवळतो. झाड जगलं की वो पाण्याबिगर! मग ह्यांना काय धाड भरलीय?"

अनसूयाबाईंनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरून ओतलेलं धुवण कुठवर वाहत गेलं होतं!

"बरोबर हाय का न्हाई?" महाराजांनी पुन्हा हाक दिली.

"न्हाई!"

सगळ्या माना वळल्या.

"पाणी मी घातलंय. रोज. मुगाचं धुवण व्हतं, त्यातलेच मूग उगवले."

निवेदिताचा चेहरा उतरला. "काकू! मी एवढं सांगून गेले होते..."

"सांगितलं व्हतंस. माझ्यानं बघवलं न्हाई ग."

महाराज हसले. "माउलीला श्रेय पाहिजे! अहो, घालताना बघितलं कुणी?"

"कुणी न्हाई. पण माझा हात पोचला न्हाई ती कुंडी आणा की. जिन्याखालची."

वरदनं जिन्याखालून जास्वंदीची कुंडी ओढून आणली. नुसत्या काड्या, बोट लावताच मोडल्या. मातीला भेगा, आणि वर भस्म जसंच्या तसं पांढरं.

"हिला भस्म घातलं व्हतं का, निवेदिता?"

"हो," निवेदिता हळूच म्हणाली. "कोपऱ्यात असते म्हणून हिला मूठभर जास्तच."

"हिचा भाव कमी पडला," महाराज म्हणाले.

"कुंडीचा?" गल्लीतले किशनराव ओरडले. "उपास घडला म्हणा की तिला, महाराज!"

हशा उसळला. महाराजांना एकाएकी गंगाखेडच्या भक्तांची आठवण झाली आणि त्यांनी गाडी काढायला सांगितली.

अनसूयाबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी सरजाबाईंचा हात धरला. "चला. डॉक्टरला फोन लावू, राहिलेल्या सुईचं काय करायचं ते विचारू. माझ्यामुळं झालं हे."

"तुमी काय केलं वो? झाडाला पाणी घातलं."

"घातलं ते बरोबर. लपवलं, ते न्हाई."

पंडितरावांची साखर बरीच चढली होती. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. धोका टळला, असं डॉक्टर सांगेपर्यंत अनसूयाबाई बाकावरून हलल्या नाहीत. सरजाबाईंनी आणलेला चहा त्यांच्या हातात तसाच निवला.

मंडळी, देवाचं नाव घेताना माझाही कंठ दाटतो. म्हणूनच सांगतो, त्या नावाखाली कुणाचं औषध बंद होऊ देऊ नका. गावाला निघताना कुंड्या सावलीत आणा, पोटभर पाणी द्या आणि शेजारणीला सरळ सांगा, "रोज थोडं घालत जा." आणि कुणी चमत्कार दाखवला, तर जगलेली झाडं बघून हात जोडण्याआधी विचारा, मेलेली कुठं ठेवलीत?