हळदीच्या पुस्तकातला खुनी

मित्रांनो, ओळख करून देते. मी एक जुनी रहस्यकादंबरी. वसमतच्या एका वाचनालयात तिसऱ्या कपाटात माझा मुक्काम. वय झालं पंचेचाळीस, पण माझ्या पोटात काय काय भरलंय म्हणता! साडेचारशे वर्षांपूर्वीचं लंडन, राणी एलिझाबेथचा राजवाडा आणि पहिल्याच पानावर राणीचा शिंपी टॉमस मरून पडलेला. संशयित चार. खुनी कोण ते शेवटच्या सोळा पानांत कळतं. नेमकी तीच पानं मी एकदा हरवून बसले होते, आणि त्यापायी रद्दीत जाता जाता वाचले.

मोठ्या कागदावर सोळा पानं छापून घडी घालतात, तिला फॉर्मा म्हणतात. असे चौदा फॉर्मे शिवले आणि मी झाले. वसमतला आले तेव्हा माझ्यावर नुसत्या उड्या पडल्या. लोक नंबर लावायचे. एका आगाऊ वाचकानं एकविसाव्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं. ते साफ चुकलं होतं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

आठ वर्षांपूर्वी माझी शिवण उसवली. जगन बाइंडरनं मला आणि हळद लागवडीच्या एका पुस्तकाला एकाच दिवशी खोललं. आमची उंची सारखीच. माझा शेवटचा फॉर्मा त्याच्या हाती लागला. वरची ओळ होती, ‘हातावरचा पिवळा डाग काही केल्या जाईना.’ डाग होता केशराचा. पण जगन पडला हळदीच्या पेठेचा, वसमतचा, पिवळा डाग म्हटल्यावर त्याला दुसरं काय सुचणार? “हे हळदीचं हाय,” म्हणाला आणि माझा शेवट त्या पुस्तकात शिवून मोकळा झाला. मी बघत राहिले.

मग माझे हाल सुरू झाले. लोक दोनशेआठव्या पानापर्यंत धावत यायचे आणि कपाळावर हात मारून मला परत करायचे. हळूहळू मला कुणी नेईनासं झालं. यंदा ग्रंथपाल विश्वंभररावांनी बाद पुस्तकांची यादी केली. माझ्या नावापुढे लिहिलं, ‘अपूर्ण’. शनिवारी रद्दीचा टेम्पो दारात येऊन उभा राहिला आणि मला गठ्ठ्यात बांधलं.

तेवढ्यात गंगूताई आल्या. तहसिलीतून निवृत्त झालेल्या कारकून. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी मला वाचून परत केलं होतं.

“विश्वंभरराव, हिला गठ्ठ्यातून काढा.”

“ताई, हिला शेवटच नाही. ठेवून काय करू?”

“मग शेवट शोधा. टॉमस शिंप्याला कुणी मारलं ते कळेपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.”

बाहेर टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न देत होता. गंगूताईंच्या मागे रांगेत शिरड शहापूरकडच्या तांड्यावरचे प्रेमदास उभे होते, दर हंगामात नेतात ते हळदीचं पुस्तक परत करायला. ते पुढे सरकले.

“ताई, मेला त्यो शिंपी व्हय?”

“पहिल्याच पानावर. काहून?”

“मी चार वर्सं इचार करून राहिलो, मेलं कोन. मारलं कोनं ते मला माहीत हाय.”

प्रेमदासांनी पुस्तक उघडून दाखवलं. शहाण्णवाव्या पानावर हळदीचं पॉलिश आणि त्याला लागून पान दोनशेनऊ.

“हळद शिजवली, वाळवली, पॉलिश केली अन् एकदम राणीचा राजवाडा. मला वाटलं, हात बराबर धुतले न्हाई तर मानूस कसा सापडतो ते शिकवून राहिले.”

विश्वंभररावांनी पान उलटून पाहिलं. “अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

“छापलंय म्हंजी बराबरच असंल ना. तर त्यो खुनी म्हंजी...”

“नाव घेतलंत तर बघा,” गंगूताई म्हणाल्या. प्रेमदासांनी नाव गिळलं.

टेम्पो माझ्याविना गेला. जगनला बोलावलं. त्यानं पान बघून जीभ चावली आणि तिथंच सुईदोरा काढला. शेवटचा टाका पडला तेव्हा मला भरून आलं. गंगूताईंनी बाकावर बसून सोळा पानं संपवली आणि म्हणाल्या, “वाटलंच होतं मला.” खोटं बोलत होत्या, त्यांचा संशय भलत्यावरच होता. मग प्रेमदासांनी मला पिशवीत घातलं आणि तांड्यावर नेलं, पान एकपासून वाचायला.

पुढच्या आठवड्यात प्रेमदासांनी मला परत आणलं, त्याच दिवशी एक शेतकरी हळदीचं पुस्तक टेबलावर आपटून म्हणाला, “याचा शेवट कुनी फाडला? मी अर्ध्यात होतो.” विश्वंभररावांनी मला त्याच्या हातात दिलं.

आता माझ्यासाठी पुन्हा नंबर लागतात. माझ्या दोनशेनवव्या पानावर प्रेमदासांच्या अंगठ्याचा पिवळा ठसा आहे, बरोबर खुन्याच्या डागाच्या ओळीवर. तो मी पुसू देत नाही. पण मित्रांनो, तुम्ही मात्र हात धुवून वाचा. आणि एखादं फाटकं पुस्तक रद्दीत घालण्याआधी रांगेतल्या माणसांना एकदा विचारा. उरलेली गोष्ट त्यांच्यापैकी कुणाच्या तरी घरी असेल.