वॉलॉंगॉंगमधले जिहून

सुशीला गेली तेव्हा रामदास घरी ओट्याजवळ उभा राहून वरणभात खात होता. तिनेच त्याला हॉस्पिटलातून पिटाळलं होतं. "जा, चार घास खाऊन या. अपर्णाने भात लावून ठेवलाय." तो गेला, जेवला, तिच्यासाठी डब्यात पातळ पेज भरून घेतली, आणि परत येऊन पाहतो तर पलंगाभोवती नर्सा उभ्या.

त्यानंतर व्हायचं ते सगळं रीतसर झालं. सिडनीहून समाजाची माणसं आली, परित्राणपाठ झाला, पुण्यानुमोदनाला लोकांनी सुशीलाबद्दल चांगलं सांगितलं. मुलगा अतुल जवळच्याच पोर्ट केम्बलाच्या स्टील कारखान्यात इंजिनिअर. त्याने रजा वाढवली. सून अपर्णा सासऱ्याला ताटावर बसवून मगच कामाला जायची. कोणी कुठे कमी पडलं नाही. पण रामदासच्या मनात एक काटा रुतून बसला होता. शेवटच्या घटकेला ती एकटी होती का? घाबरली होती का? दाराकडे बघत होती का? नर्स म्हणाली होती, "शांतपणे गेल्या." पण नर्सा सगळ्यांनाच तसं सांगत असणार. नाहीतर काय सांगतील बिचाऱ्या?

हाताशी धागा होता तो एकच. शेजारच्या पलंगावर मार्गारेट नावाची म्हातारी होती. सुशीलाचं सामान आवरताना तिने त्याला जवळ बोलावून सांगितलं, "कोणीतरी आलं होतं तिच्याकडे, लव्ह. पडदा ओढलेला होता, मला दिसलं नाही. पण तुझी बायको सारखं जिहून, जिहून करत होती. हसत होत्या की दोघी... किंवा दोघं, काय माहीत. मग माझा डोळा लागला."

तेव्हा ते त्याच्या कानावरून गेलं. पाहुणे पांगल्यावर, घर रिकामं झाल्यावर आठवलं. मग त्याने धोशाच लावला. "अतुल, हा जिहून कोण?"

"बाबा, कोरियन नाव वाटतं. नर्स असेल एखादी."

अपर्णाने हॉस्पिटलात विचारलं. त्या वॉर्डात जिहून नावाचं कोणी काम करत नव्हतं, त्या दिवशीच्या नर्सांची पाळी बदललेली, आणि भेटायला कोण आलं ते कोणी लिहून ठेवत नाही. सुशीला दर रविवारी गावाजवळच्या बर्कलीच्या मोठ्या बुद्धविहारात स्वयंपाकघरात भाज्या चिरायला जायची. अपर्णाने तिथेही फोन केला. तिथली व्यवस्था बघणारी बाई म्हणाली, किचनमध्ये जिहून कोणी नाही, कधी नव्हतंच.

रामदासला विहारातलं काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो बायकोबरोबर जायचा, पण किचनमध्ये पाऊल टाकायचा नाही. तिथे बायकांची गर्दी, आणि आंबवलेल्या कोबीचा वास. तो बाहेर बाकावर ऊन खात बसायचा. सुशीला कधी घरी एखादी बरणी आणायची. "मैत्रिणीने दिलं." तो नाक मुरडायचा. मग तिने मैत्रिणीबद्दल बोलणंच सोडलं.

शेवटी अपर्णाने वॉलॉंगॉंगच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं की माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या दिवशी जिहून नावाचं कोणी त्यांच्याजवळ होतं, आम्हाला त्या व्यक्तीचे आभार मानायचेत. दोन दिवसांत तीन जिहून हजर. तिन्ही पुरुष.

पहिला युनिव्हर्सिटीतला विद्यार्थी. तो बिचारा बिस्किटांचा डबा घेऊन घरीच आला, दारात वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अंकल, तो मी नाही. पण उत्तर न देणं बरं दिसलं नसतं. आमच्याकडे हे नाव फार आहे. माझ्या वर्गात तीन जिहून होते. टीचर म्हणायची जिहून ए, जिहून बी, जिहून सी. मी सी."

"आमच्या खात्यात तीन रामदास होते," रामदास म्हणाला. "मी लंबू रामदास."

पोरगा हसला. चहा पिऊन गेला.

दुसरा टाइल्स बसवणारा. फोनवरच म्हणाला, "सॉरी मेट, मी हॉस्पिटलात शेवटचा गेलो तो अंगठा चेचला तेव्हा. पण बाथरूमचं काम असेल तर सांगा."

तिसऱ्याचं केस कापायचं दुकान होतं. त्याने लिहिलं होतं, मी नाही, पण तुमच्या दुःखात सहभागी आहे.

जेवताना नात क्षितिजा म्हणाली, "सो आजी हॅड अ सीक्रेट गाय-फ्रेंड? ऑनेस्टली, गुड फॉर हर."

"क्षितिजा!" अपर्णाने डोळे वटारले.

"व्हॉट? आय'म जस्ट सेइंग."

रामदास हसला. पण मनात पाल चुकचुकलीच. संशय नव्हे, या वयात कसला संशय! पण जिच्याशी एवढा संसार केला तिचं हसणं-बोलणं ज्याच्याशी होतं, त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही, याची त्याला लाज वाटली. आणि तो माणूस सापडलाच नाही, तर शेवटी काय झालं हे कधीच कळणार नाही, याची धास्ती.

"मी त्या न्हाव्याला भेटून येतो," तो म्हणाला.

"बाबा, तो नाही म्हणालाय ना?"

"तोंडावर विचारतो. केसही वाढलेत."

सकाळी तो फुकटच्या बसने गावात गेला. दुकान छोटं होतं, दोन खुर्च्यांचं. जिहून किम पस्तिशीचा, गोरा, हाताने चपळ. त्याने रामदासला बसवलं, गळ्याभोवती कापड बांधलं आणि पुन्हा एकदा सांगितलं की तो त्या हॉस्पिटलात कधी गेलेलाच नाही. रामदासने मान हलवली. आता काही विचारायचं उरलं नव्हतं. कात्री चालू झाली.

तेवढ्यात एक बाई पिशव्या घेऊन आत आली आणि तिने गल्ल्यावर बसलेल्या तरुणीला हाक मारली, "हाना ओम्मा!" दोघी त्यांच्या भाषेत भराभर बोलू लागल्या.

बोलायचं म्हणून रामदास म्हणाला, "तुझी बायको? हाना नाव छान आहे."

"नाही नाही. हाना आमची मुलगी, चार वर्षांची. ओम्मा म्हणजे आई. हानाची आई."

"मग बायकोचं नाव?"

"सोरा. पण सोरा कोण म्हणतंय तिला!" जिहून हसला. "मूल झालं की आमच्याकडे बाईचं नाव गेलं. शेजारी, मैत्रिणी, सगळे मुलाच्या नावाने हाक मारतात. मीसुद्धा. एकदा सोरा म्हणालो तर विचारते, काय चुकलं माझं?"

रामदास ताठ बसला. "थांब."

"दुखलं का, अंकल?"

"नाही रे. थांब जरा."

अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये सगळा जन्म गेला. मजल्यावरच्या बायका कोण? लीनाची आई, नरेंद्रची आई, अतुलची आई. वीस वर्षं एका नळावर पाणी भरलं, पण लीनाच्या आईचं नाव काय होतं ते रामदासला आजही सांगता आलं नसतं. आणि सुशीलाने तरी नवऱ्याचं नाव कधी घेतलं? "अहो, अतुलचे बाबा." रुपया-दोन रुपयांच्या पैजेवरही तिने नाव घेतलं नव्हतं. हे सगळं रक्तात असून त्याला सुचलं नाही. का, तर परदेशात माणसांना फक्त पासपोर्टावरची नावं असतात, असं त्याने धरून ठेवलेलं.

त्याने कापडाखालून हात काढून फोन लावला. "अपर्णा, आपण लेकाला शोधत बसलो गं. आईला शोधायचं होतं."

"कोणाच्या आईला, बाबा?"

"जिहूनच्या! अतुलला सांग, रविवारी मला विहारात सोड."

रविवारी अतुलने त्याला विहाराच्या दाराशी उतरवलं. "येऊ का बरोबर?"

"नको. तू गाडी लाव."

किचनमध्ये पंधरा-वीस बायका होत्या, थोडे पुरुष. मोठी पातेली, वाफ, सुऱ्यांची खटखट. व्यवस्था बघणारी बाई पुढे आली. रामदासने विचारलं, जिहूनची आई आहे का? ती म्हणाली, आधीही फोन आला होता, इथे जिहून नाही. इथे सगळ्यांना आडनावाने ओळखतात, कोणाचा मुलगा कोण ते तिला काय ठाऊक?

तिच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. रामदासने घसा खाकरला आणि कारखान्यात मशीनच्या आवाजावरून हाक मारायचा तसा ओरडला, "जिहून ओम्मा!"

सुऱ्या थांबल्या. कोपऱ्यातल्या टेबलाशी पांढऱ्या मुळ्यांच्या ढिगामागे एक बुटकी म्हातारी बाई उभी होती. डोक्याला फडकं, डोळ्यांवर जाड चष्मा. तिने मान वर केली, रामदासकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"अतुल आप्पा," ती पुटपुटली. अतुलचे बाबा.

"तू ओळखतेस मला?"

तिने खिडकीकडे बोट केलं. बाहेर तोच बाक दिसत होता. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं की अतुल ओम्मा दाखवायची. तो बघ माझा म्हातारा, उन्हात पापड वाळत घातल्यासारखा बसलाय.

मग ती एकाएकी वाकून "सॉरी, सॉरी" म्हणू लागली. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. रामदास गडबडला. तिला हाताला धरून त्याने बाहेर आणलं. बाकावर तिला बसवलं आणि आपण शेजारी बसला.

"सॉरी कशाला?"

तिने तुटक तुटक सांगितलं. शब्द अडला की हातांनी. त्या दिवशी ती भेटायला गेली होती. मजला आणि पलंग सुशीलानेच फोनवर सांगून ठेवलेला. तिचा जिहून पर्थला असतो, महिनोन्‌महिने फोन करत नाही. सुशीला म्हणाली, तू त्याला फोन कर आणि काही बोलू नको, नुसती रड. बघ कसा विमान पकडून येतो. दोघी हसल्या. मग सुशीला म्हणाली, झोपते आता. हात हातात होता. श्वास येत होता, येत होता, आणि मग आला नाही. हिने बेल दाबली. नर्सा धावत आल्या, फॅमिली का म्हणून विचारलं. ही नाही म्हणाली. त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं.

"लिफ्टमधून तू आला. हातात डबा," ती म्हणाली. "मी तुला बघितलं. मला इंग्लिश नाही. कसं सांगू? मी जिन्याने पळाली. खूप वाईट केलं मी. तू रागावला."

"मी?" रामदास म्हणाला. तिच्या छातीवर इतके दिवस हे ओझं होतं आणि तो तिचाच शोध करत होता. "अगं बाई, तू होतीस म्हणून..."

तिला मराठी कळलं नाही, पण सूर कळला असावा. तिने चष्मा काढून पुसला.

आता विचारायचं तेच उरलं होतं. शेवटी विचारलंच. "तिने माझी आठवण काढली? मला शोधत होती?"

जिहूनच्या आईने जोरजोरात मान हलवली. नाही, नाही. "ती म्हणाली, मी पाठवला त्याला घरी. बरं झालं गेला. इथे बसला की माझ्या तोंडाकडे बघत बसतो, बघत बसतो. मला झोप येत नाही. आता जेवेल. आता मी झोपते."

रामदास तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला हसूच फुटलं. हे सुशीलाचंच बोलणं. यात बनवाबनवी असणं शक्य नव्हतं. तोंडाकडे बघत बसू नका हो, मी काय टीव्ही आहे? लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ऐकलेलं वाक्य. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्याने येऊ दिलं. इतके दिवस छातीवर बसलेला दगड कोणी उचलून बाजूला ठेवावा तसं वाटलं. तो वरणभात खात होता तेव्हा ती निवांत झोपत होती. तो जेवत असेल, या समाधानात.

त्याने डोळे पुसले. मग ती संकोचून म्हणाली, "एक विचारू? पुढच्या आठवड्यात एकोणपन्नासावा दिवस. आमच्यात त्या दिवशी प्रार्थना करतात, गेलेल्या माणसासाठी. मी भिक्खूंना सांगितलं. ते म्हणाले, नाव सांग. मी म्हणाली, अतुल ओम्मा. ते म्हणाले, असं नाही चालत, तिचं स्वतःचं नाव पाहिजे. मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही."

रामदासने तोंड उघडलं आणि तो अडखळला. हे नाव त्याने डॉक्टरांपुढे घेतलं होतं, बँकेत घेतलं होतं. तिला हाक मारताना मात्र नेहमी "अगं" नाहीतर "अतुलची आई".

"सुशीला," तो म्हणाला.

"सु-शी-ला."

"हां. सुशीला." आणखी एकदा म्हणावंसं वाटलं म्हणून तो पुन्हा म्हणाला, "सुशीला."

"मला वाटलं, तू रागावून नाव सांगणार नाही," ती म्हणाली आणि हुश्श करून मागे टेकली.

"आणि तुझं नाव?"

तोंडावर हात धरून म्हातारी लाजली. मग म्हणाली, "यंग-सुक. बापरे! कोणी विचारलंच नव्हतं."

एवढ्यात फोन वाजला. अतुल पार्किंगमधून बोलत होता. "बाबा, काय झालं? भेटली का कोणी?"

"भेटली," रामदास म्हणाला. "अतुल, तुझी आई एकटी नव्हती रे. हात धरलेला होता तिचा. झोपेत गेली."

पलीकडून पोराचा नुसता श्वास ऐकू येत होता, लांब, एकामागून एक.

"अतुल?"

"आहे मी, बाबा," अतुल म्हणाला. "येतोय तिकडे. तिला जाऊ देऊ नका."